दारफाळणीचा सण यंदा दसऱ्यालाच. आणि एक जुनं भांडण

चिकाचा_हलवा | २८ सप्टेंबर २०२२, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. ठाण्यात राहतो. आमचं नवीन वर्ष, रोश हशना, यंदा घटस्थापनेलाच लागलं. त्याच्या दहाव्या दिवशी आमचा सगळ्यात मोठा उपास, योम किप्पूर. मंगळवारी ४ तारखेला सूर्यास्ताला सुरू होईल आणि बुधवारी ५ ला, दसऱ्याच्या दिवशी, तारे दिसेपर्यंत चालेल. जवळपास २५ तास अन्नपाणी नाही. आंघोळ नाही, तेल-अत्तर नाही, चामड्याची चप्पल नाही, नवरा-बायको जवळ येत नाहीत.

माझी आजी योम किप्पूर कधीच म्हणायची नाही. तिचा शब्द होता 'दारफाळणीचा सण'. दारं लावून घेण्याचा दिवस. लहानपणी अलिबागजवळच्या आमच्या गावी खरोखरच दारं लागायची. आई दुपारी तीनलाच चूल मोकळी करायची. मऊ भात, आमटी, कमी तिखट, कमी मीठ, नाहीतर दुसऱ्या दिवशी तहान छळते. पाच वाजता सगळे पानावर. जेवण झालं की आई लिंबाला लवंगा टोचत बसायची. एकेक लवंग अंगठ्याने दाबून, ओळीने. उपासात गळून गेल्यासारखं झालं की तेच लिंबू हुंगायचं. मग पांढरी सुती साडी नेसून, कापडी चपला घालून ती पुढचं दार लावून घ्यायची. कडीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आई २०१९ मध्ये गेली. मला इथे लिहायचं आहे ते त्यानंतरचं.

माझा मोठा भाऊ लोदला असतो, इस्राएलमध्ये. आमच्यात दफन लांबवत नाहीत, तो पोचू शकला नाही. त्या रात्री फोनवर मी त्याला म्हटलं, "घराचा वाटा मागायला मात्र वेळेवर येशील." त्याने आयुष्यात कधी वाट्याचं नावही काढलं नव्हतं. त्यानंतर गावचं घर मी त्याला न विचारता विकलं. अर्धे पैसे त्याच्या खात्यावर पाठवले आणि एक शब्द लिहिला नाही. तीन वर्षं आम्ही बोललेलो नाही.

दर वर्षी उपास धरते, सबंध दिवस प्रार्थनेत उभी राहते, आणि दर वर्षी वाटतं की माझा उपास पोचत नाही. आमच्याकडे स्पष्ट सांगितलंय, मिश्नामध्येच आहे, म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात: माणूस आणि देव यांच्यामधल्या पापांचं प्रायश्चित्त हा दिवस करतो. माणसा-माणसांमधल्या पापांचं करत नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढलेली नसते. म्हणजे मी कितीही उपाशी राहिले तरी हे एक खातं तसंच उघडं.

दोन प्रश्न. तीन वर्षांनी फोन करून काय बोलायचं? आणि मला चार वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, यंदा डॉक्टर कडक उपासाला नको म्हणाल्यात. इथे आपल्यातलं कुणी असेल तर लिहा. नसलं तरी लिहा.

वॉर्ड_सात | २८ सप्टेंबर, रात्री १०:१५

ताई, मी नर्स आहे, तेवीस वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात काढलीत. दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. गोळ्या कोणत्या ते बघा. काही गोळ्या पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढत राहतात, त्यात धोका जास्त. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, अर्धीही करू नका. डॉक्टरांना विचारा, त्यांना नेमके किती तास ते सांगा, पाणीसुद्धा नाही हेही सांगा, कारण आपल्याकडे उपास म्हटलं की डॉक्टर साबुदाणा समजतात. ग्लुकोमीटर जवळ ठेवा. साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला, तर त्याच क्षणी उपास सोडायचा. प्रार्थना अर्धी राहिली तरी.

रामल्याहून | २८ सप्टेंबर, रात्री ११:५०

शालोम ताई. मी रामल्यात, लोदच्या शेजारीच. आमचं घर मूळचं रेवदंड्याचं. १९७० मध्ये आईवडील आले.

आजारपणाबद्दल आपला धर्म अगदी ठाम आहे. जीव वाचवणं उपासाच्या वर. मिश्नाच्या त्याच प्रकरणात आहे की आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून जेवू घालावं, आणि जाणकार नसतील तर त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून, तो पुरे म्हणेपर्यंत. १८४८ मध्ये लिथुआनियातल्या विल्ना शहरात पटकीची साथ होती तेव्हा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, इस्राएल सालांतर यांनी लोकांना योम किप्पूरला खायला लावलं, असं आमचे रब्बी दर वर्षी सांगतात.

मधली एक वाटही आहे. एका वेळी ३० ग्रॅमच्या आत खाणं, ४० मिलिलिटरच्या आत पाणी, आणि पुढचा घास निदान नऊ मिनिटांनी. माझी आई शेवटची सहा वर्षं असंच करायची. छोटी काचेची वाटी, त्यावर रेघ मारलेली. पहिल्या वर्षी ती रडली, वाटी हातात धरून. रब्बींनी तिला सांगितलं, "इतकी वर्षं न खाणं ही तुझी आज्ञा होती, यंदा खाणं ही आज्ञा आहे." तुम्ही तुमच्या हज्जानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, किंवा ओळखीच्या रब्बींना विचारून ठरवा, पण खाल्लं तर उपास मोडला असं मनात आणू नका.

भावाबद्दल उद्या लिहितो. इथे उद्या पहाटे सेलीहोत, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना, आहेत, उठायचं आहे.

आपटा | २९ सप्टेंबर, सकाळी ८:०५

मी यहुदी नाही. पण हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते.

आम्ही रेवदंड्याचे. शेजारी एक इस्राएली कुटुंब होतं. तेव्हा गावात त्यांना कुणी यहुदी म्हणत नसे, इस्राएली म्हणत, आणि म्हातारी माणसं शनवार तेली. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. मी चौथीत असताना दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन घरोघर हिंडत होते. त्यांच्या दारात गेले. दार बंद. आतून माणसांचा आवाज येत होता, काहीतरी एका सुरात म्हणत होते. मी कडी वाजवली, "काकू, सोनं आणलंय" म्हणाले. आवाज थांबला. दार उघडलं नाही. मी पुन्हा वाजवली. नाहीच.

नऊ वर्षांच्या पोरीला काय वाटणार? मला वाटलं, त्यांना आम्ही नको आहोत. पानं उंबऱ्यावर टाकून पळत घरी आले आणि आईजवळ खूप रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. हातात झाकलेलं ताट, गोड पुऱ्या. आणि माझी ती पानं त्यांनी पदराच्या टोकाला बांधून आणली होती. मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "काल देवाकडे पाठ करता येत नव्हती गं. आज तुझं सोनं घ्यायला आले." पुढे काय म्हणाल्या ते आठवत नाही. पदराची गाठ सोडत होत्या ती बोटं आठवतात.

दार का उघडलं नाही ते मला आज, इतक्या वर्षांनी नीट कळतंय. धन्यवाद ताई.

दर्यासारंग | २९ सप्टेंबर, सकाळी ११:२०

आपटा, तुम्ही सांगितलेला दुसरा दिवस म्हणजे 'शिळा सण'. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहिला, छापला गेला १९३७ मध्ये. त्यात ही जुनी रीत नोंदलेली आहे. आदल्या दिवशी आधी गरम पाण्याने, मग थंड पाण्याने आंघोळ. दिवस मावळायच्या आत जेवण. मग पांढरे कपडे घालून घरात, बाहेरच्या कुणाशी संपर्क नाही. आणि शिळ्या सणाला गरिबांना दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं-येणं. काकू ताट घेऊन आल्या ते त्या रीतीनेच.

नावांचा आणखी एक मुद्दा. या समाजाकडे कित्येक पिढ्या हिब्रू ग्रंथ नव्हते. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची परंपरेने आलेली कथा. आठवणीत राहिलं ते शेमा ही प्रार्थना, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुंता, खाण्याचे नियम आणि काही सण. त्या सणांना नावं मिळाली ती मराठी आणि घरगुती: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण. मला ही नावं फार मोलाची वाटतात. ग्रंथ हरवला तरी स्वयंपाकघराने आणि दाराच्या कडीने तिथी धरून ठेवली.

मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ, शार हारहमिम, १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलं. त्याआधी योम किप्पूरला जायला सिनेगॉगच नव्हतं. मग उरतं काय? घर, आणि घराचं दार.

रामल्याहून | २९ सप्टेंबर, दुपारी ४:३०

दर्यासारंग, मला यात थोडं वेगळं वाटतं. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव 'नेइला'. अर्थ, बंद करणं. आकाशाची दारं लागत आली आहेत, त्याआधी आत घे, अशी ती प्रार्थना. त्या वेळी हेखल, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवतात ते कपाट, उघडं असतं. तीनशे माणसं दिवसभराच्या कोरड्या गळ्याने म्हणत असतात. 'दारफाळणी' हे नाव त्या नेइलाचीच आठवण असणार. पुस्तक गेलं, प्रार्थना गेली, शब्दाचा अर्थ तेवढा मराठीत उतरून राहिला.

दर्यासारंग | २९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

सुंदर कल्पना आहे, पण मला ती सिद्ध झालेली वाटत नाही. दारं खरंच लावत होते आणि म्हणून नाव पडलं, हे जास्त सरळ आहे. तुमचं म्हणणं खरं असावं अशी इच्छा मात्र मलाही आहे.

पंचांगाचा_नाद | २९ सप्टेंबर, रात्री ९:००

दसरा आणि योम किप्पूर एकत्र येण्यात योगायोग कमी, गणित जास्त. दोन्ही पंचांगं चांद्रमासाची आहेत आणि दोन्ही ऋतूंशी मेळ ठेवायला अधिक महिना घालतात. हिब्रू पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक महिने. आपला आश्विन आणि त्यांचा तिश्री महिना अनेक वेळा एकाच अमावास्येनंतर सुरू होतात. दसरा शुद्ध दशमी, योम किप्पूर तिश्रीची १० तारीख. म्हणून यंदा ५ ऑक्टोबरला दोन्ही. गेल्या वर्षी त्यांचा उपास १६ सप्टेंबरला होता आणि दसरा १५ ऑक्टोबरला, कारण त्यांचा अधिक महिना यंदाच्या वर्षात आला. पुढच्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण आहे, म्हणून पुन्हा महिन्याचं अंतर पडेल.

चिकाचा_हलवा | २९ सप्टेंबर, रात्री ११:३०

आपटा, तुमची गोष्ट मी दोनदा वाचली. आमच्या दाराबाहेरही कुणी असं उभं राहिलं असेल का, हा विचार मी कधी केलाच नव्हता. आजी म्हणायची की त्या रात्री वाडवडील घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, म्हणून दार लावून शांत बसायचं. आत कोण आहे तेवढंच आम्ही बघत होतो.

वॉर्ड सात, गोळ्यांची नावं घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जाते.

भावाचं मात्र सुचत नाही. तीनदा मेसेज लिहून पुसला. प्रत्येक वेळी लिहिते की "आपल्या दोघांच्याही हातून चुका झाल्या". पुन्हा वाचलं की कळतं, हे खोटं आहे. त्याच्या हातून काही झालेलं नाही.

रामल्याहून | ३० सप्टेंबर, सकाळी १०:००

ताई, तुम्हीच नेमकी गाठ दाखवलीत. योम किप्पूरला आपण पापांची कबुली देतो ती अनेकवचनात: आशम्नू, बागद्नू, गाझल्नू. आम्ही दोषी ठरलो, आम्ही विश्वासघात केला, आम्ही लुबाडलं. हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने एकेक शब्द, आणि प्रत्येक शब्दाला मूठ छातीवर. अनेकवचन यासाठी की एकाचा दोष सगळ्यांनी उचलायचा, कुणी एकटा पडू नये. पण हे देवासमोर. भावासमोर 'आम्ही' चालत नाही, 'आपण दोघं' तर नाहीच. तिथे 'मी' म्हणावं लागतं. लहान वाक्य करा. कारण देऊ नका, आई आजारी होती, मी थकले होते, असलं काही नको. त्याला ते सगळं ठाऊक आहे.

आणि वेळेचं बघा. तुमच्याकडे सूर्य आमच्या अडीच तास आधी मावळतो. तुम्ही मंगळवारी दुपारी फोन करा, तेव्हा इथे दुपारची सुरुवात असेल. मग आमच्याकडे सगळं थांबतं. बस बंद, दुकानं बंद, रेडिओ-टीव्ही बंद. रस्त्यावर एक मोटार नसते, पोरं हमरस्त्यावर सायकली फिरवतात. लोदला तर विमानतळच आहे, तोही बंद. एरवी दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं, त्या दिवशी आकाश गप्प. १९७३ मध्ये ६ ऑक्टोबरला, याच दिवशी, दुपारी दोनला त्या शांततेत भोंगे वाजले आणि युद्ध सुरू झालं. माझे वडील तालिथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, पांघरलेले सिनेगॉगमधून थेट निघाले. आई सांगायची, त्या सकाळी त्यांच्यात किरकोळ वाद झाला होता आणि पंधरा दिवस तिला तोच आठवत राहिला. ते परत आले, देवाची कृपा.

फोन करा ताई.

आपटा | ३० सप्टेंबर, सकाळी ११:१५

रामल्याहून दादा म्हणतात ते बरोबर आहे. फक्त एक. फोन उचलला नाही तर पुन्हा करा. मी दोनदा कडी वाजवून पळाले होते.

चिकाचा_हलवा | ३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

डॉक्टरांनी एक गोळी बदलून दिली, दर तीन तासांनी साखर बघायला सांगितली. हज्जान म्हणाले, लागलं तर वाटीने खायचं, प्रश्नच नाही. माझ्याकडे जुने प्रार्थनांचे मराठी अर्थ आहेत, आजोबांचे. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, म्हणून माझ्यासारखीला काय म्हणतेय ते कळतं. काल रात्री तेच काढून बसले. कागद इतका पिवळा झालाय की पान उलटताना कडा तुटतात.

उद्या फोन करते.

चिकाचा_हलवा | ६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

सगळ्यांना आज शिळ्या सणाच्या दिवशी लिहितेय. क्रमाने सांगते.

मंगळवारी तीनला फोन केला. वहिनीने उचलला. दादा घरी नव्हता, उपासाआधीच्या स्नानाला गेला होता. मी वहिनीलाच म्हटलं, "वहिनी, मी त्याला घराच्या वाट्यावरून बोलले ते खोटं होतं आणि वाईट होतं. घर विकताना विचारलं नाही तेही माझं चुकलं. मला त्याची माफी मागायची आहे." वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगते." एवढंच. पुन्हा साडेचारला केला, फोन बंद होता. मी जेवले आणि सिनेगॉगला गेले.

बुधवारी सकाळी ठीक होतं. दुपारच्या प्रार्थनेत बायबलमधलं योनाचं पुस्तक वाचायला सुरुवात झाली तेव्हा हात थरथरायला लागले. साखर ६६. वॉर्ड सात, तुमचं वाक्य आठवलं, प्रार्थना अर्धी राहिली तरी. बाहेरच्या खोलीत जाऊन साखरेचं पाणी प्यायले, अर्धं केळं खाल्लं. वाटीबिटी मोजत बसले नाही. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ९४. आत येऊन माझ्या जागेवर बसले आणि शेजारच्या बाईंनी काही न विचारता लवंगांचं लिंबू माझ्या हातात दिलं.

नेइलाला सगळे उभे होते. शेवटी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजलं, एकच लांब सूर. मग हातबोशी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, मग आपली बोटं ओठांना लावायची, आणि तसंच पुढच्याकडे जायचं. हज्जानपासून सुरू होतं आणि सगळ्या देवळात फिरतं. यंदा माझे हात गार होते, बाकीच्यांचेही गार होते, दिवसभराचे.

पावणेसातला आमचं सुटलं. बाहेर रस्त्यावर दसऱ्याची गर्दी, गाड्यांना झेंडूच्या माळा. तेव्हा लक्षात आलं की लोदला अजून अडीच तास आहेत. आमची नेइला संपली, त्याची सुरू व्हायची होती. घरी येऊन पुऱ्या केल्या आणि फोन समोर ठेवून बसले.

पावणेदहाला वाजला. दादा म्हणाला, "काय खाल्लंस?" मी सांगितलं, साखर उतरली म्हणून मध्येच खावं लागलं. तो रागावला, सकाळपासून का नाही खाल्लंस म्हणून, अगदी आईसारखा. मग मी म्हणाले जे म्हणायचं होतं ते. दोन वाक्यं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "मला खूप लागलं होतं." मी म्हणाले, "हो." पुढे दोघंही गप्प. मग त्याने विचारलं, घर विकताना दाराचा मेझुझा काढला होतास का? मेझुझा म्हणजे चौकटीवर लावतात ती धर्मवचनाची लहान डबी. काढला होता, आईच्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवलाय. तो म्हणाला, "पाठवू नकोस. मी न्यायला येईन." कधी ते बोलला नाही, मीही विचारलं नाही.

पुऱ्यांची कृती दोघींनी निरोपात विचारली आहे, ती वेगळी लिहीन. सारणात रवा तुपात न भाजता नारळाच्या दुधात शिजवायचा, म्हणजे मटणाच्या जेवणानंतरही खाता येतात (आमच्यात मांसाबरोबर दूध-तूप चालत नाही).

आपटा, तुम्ही कळव्याला राहता असं निरोपात लिहिलंत. तुमच्याकडे सोनं घ्यायला येते. शनिवारी शब्बाथ आहे आणि रविवारी संध्याकाळी, कोजागिरीलाच, आमचा मांडवाचा सण सुक्कोत लागतो. रविवारी सकाळी दहाला चालेल का? पुऱ्या आणते.

आपटा | ६ ऑक्टोबर, रात्री ८:४२

चालेल. दार उघडं ठेवते. पानं पाण्यात ठेवली आहेत.